आधी शटर, मग गन

सर निवृत्त व्हायचे होते, पण निवृत्तीचा कंटाळा त्यांना आधीच येऊन बसला होता. गेला महिनाभर जो भेटेल तो एकच विचारी, मग आता पुढे काय? सर म्हणत, पुढे काय, झोप. लोक हसत. सरांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. त्यांना खरोखर झोप हवी होती. दुपारची, संध्याकाळची, कसलीही. छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तर जिना चढून आले की ते खुर्चीत बसत आणि आपण कशासाठी आलो हे आठवायला त्यांना थोडा वेळ लागे.

ते आयुष्यभर नेमकं काय करत होते असं त्यांच्या बायकोला कोणी विचारलं, तर ती सांगे, "कंगव्यावरून वीज फिरवतात." आणि सरांच्या टकलाकडे बघून पुढे जोडी, "डोक्यावर औषधाला केस नाही, पण जन्म गेला कंगव्यात." आता खरं सांगायचं तर या उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. तांब्याची एक पट्टी, बोटाएवढी लांब. तिच्यावर ओळीनं कोरलेल्या खाचा, इतक्या बारीक की नखाला नुसती खरखर लागावी. तोच कंगवा. तो बसवलेला एका स्टीलच्या पिंपात, आणि त्या पिंपातली हवा पंप लावून काढून घेतलेली. पिंपाच्या एका टोकाला गन. ही गन गोळ्या मारत नाही, इलेक्ट्रॉन मारते. इलेक्ट्रॉनांची ती धार, म्हणजे बीम, कंगव्याच्या अगदी अंगालगत जायला हवी, पण त्याला शिवता कामा नये. शाळेतून घरी जाणारी पोरं कुंपणाच्या गजांवर काठी घासत पळतात ना, गज जितके जवळजवळ आणि पोर जितकं जोरात पळेल, तितका आवाज बारीक. इथं आवाजाच्या जागी किरण निघतात. डोळ्यांना न दिसणारे. रेडिओच्या लहरी आणि तापलेल्या इस्त्रीची धग, या दोघींच्या मधल्या पट्ट्यातले. टेराहर्ट्झ म्हणतात त्यांना. ते कागदातून आणि कापडातून सरळ जातात. हवे तेवढे आणि हवे तसे ते काढता आले, तर बंद पाकिटात काय आहे ते न फोडता कळेल आणि कातडीच्या आतलं दुखणं सुरी न लावता दिसेल. या 'तर'पाशीच सरांची उमर सरली होती.

तसं त्यांना यश मिळालं नव्हतं असं नाही. तरुणपणी त्यांनीच प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत पहिल्यांदा सिग्नल पकडला होता. त्यावर लिहिलेल्या लेखानं त्यांचं नाव झालं, लांबलांबून माणसं येऊन ते पिंप बघून गेली. सिग्नल होता मात्र अगदी मरतुकडा. किरणांची तरंगलांबी मोजणाऱ्या यंत्राच्या तर तो गावीही नसे. अंगावर पडलेले किरण नुसते टिपणारा डिटेक्टर तेवढा सांगे की बाबा, काहीतरी आहे. पण ते काहीतरी कसं वागायचं ते बघा. बीम कंगव्याजवळ आणली की सिग्नल वाढायचा, लांब नेली की पडायचा. सिद्धांत अगदी हेच सांगतो. मग शंका घ्यायची कशावर?

त्या खोलीत नियम एकच होता, बाकी सगळा कारभार आनंदीआनंद. नियम असा, की काम संपलं की आधी डिटेक्टरसमोरचं शटर पाडायचं आणि मग गन बंद करायची. 'आधी शटर, मग गन.' कारण गन बंद होताना विजेचा एक झटका बसतो. सरांच्या उमेदीच्या काळात अशाच एका झटक्यानं दुसऱ्या संस्थेकडून मागून आणलेला, अतिशय नाजूक डिटेक्टर जळाला होता. त्या वेळी सरांना जी बोलणी खावी लागली ती ते विसरले नाहीत. पुढे नवे डिटेक्टर आले, त्यांना झटक्याचं भय राहिलं नाही. नियम राहिला. जो नवा विद्यार्थी येई त्याला पाण्याची जागा दाखवण्याआधी हा नियम सांगितला जाई. पोरं त्याची चेष्टाही करत. खोलीला कुलूप लावताना, डबा बंद करताना, कोणाचं प्रेम मोडलं तरीसुद्धा, 'आधी शटर, मग गन.' सरांना ही चेष्टा आवडायची.

या खोलीत सरांची शेवटची विद्यार्थिनी उरली होती. तिला सगळे थोरली म्हणत. ती आली तेव्हा सर्वांत लहान होती, पण तिच्यामागून आलेले दुसरे विषय घेऊन, डिग्र्या घेऊन, लग्नं करून निघून गेले आणि ही राहिली. राहून राहून थोरली झाली. मधे तिला मुलगी झाली, मधे सरांचं ऑपरेशन झालं, मधे पंप दोनदा बसला, एकदा तर कंगवाच वाकला. पण आता प्रबंध लिहून झाला होता आणि सोमवारी तोंडी परीक्षा होती. लांबच्या एका गावातल्या कॉलेजात तिला नोकरी मिळाली होती, डिग्री हातात पडण्याच्या अटीवर. नवरा तिथं आधीच जाऊन राहिला होता, मुलीची शाळासुद्धा तिथं सुरू झाली होती. थोरली इथं रिकाम्या घरात खोक्यांच्या राशीत दिवस काढत होती. सोमवार पार पडला की ती सुटली.

शुक्रवारी दुपारी सर एकटेच खोलीत गेले. परीक्षा झाल्यावर यंत्र मोडून टाकायचं ठरलं होतं. नव्या विभागप्रमुखाला त्या जागेत कॉम्प्युटर ठेवायचे होते. सरांनी मनात म्हटलं, एकदा शेवटचं चालवून बघू. भावनाबिवना काही नाही. घरातून निघताना माणूस नळ नीट बंद आहे का बघतो, तितपतच. त्यांनी गन तापू दिली, बीम हळूहळू कंगव्याजवळ आणली, शटर उघडलं. स्क्रीनवरची रेघ वर चढली आणि ओळखीच्या जागी जाऊन थांबली. सर खुर्चीत रेलले.

तेवढ्यात दिवे मिचमिचले. मुख्य लाइनचा दाब पडला असणार, या इमारतीत ते नवीन नव्हतं. गनचा पुरवठा खटकन तुटला. डिटेक्टर आणि स्क्रीन बॅटरीवर होते, ते चालू राहिले. शटर सताड उघडं. सर सवयीनं उठून शटरकडे धावले, मुठीवर हातही पडला, आणि नजर स्क्रीनवर गेली.

बीम मेली होती. रेघ धाडकन तळाला यायला हवी होती. ती आली नाही. ती जराशी वाकली आणि जेवून उठलेल्या माणसासारखी सावकाश, कसलीही घाई नसल्यागत खाली यायला लागली. सर शटरची मूठ धरून तसेच उभे राहिले. रेघ उतरतच होती. तळाला पोचायला तिनं चांगली काही मिनिटं घेतली.

सरांना जे कळायचं ते तिथल्या तिथे कळलं. हे किरण बीमच्या जिवावर जगतात. बीम गेली की त्याच क्षणी ते संपले पाहिजेत. बीम गेल्यावरही रेंगाळते आणि हळूहळू निवते अशी गोष्ट एकच, ती म्हणजे उष्णता. बीमची कड कंगव्याला घासत होती. कंगवा तापत होता, आणि डिटेक्टर इमानेइतबारे त्या तापलेल्या कंगव्याची धग मोजत होता. बीम जवळ आणली की जास्त घासायची, कंगवा जास्त तापायचा, सिग्नल वाढायचा. लांब नेली की पडायचा. खरं आणि खोटं दोन्ही एकाच चालीनं चालत होतं. दोघांचे पाय वेगळे दिसले असते ते फक्त बीम बंद झाल्यानंतर. आणि नेमक्या त्या वेळी, इतकी वर्षं, एकदाही न चुकता, शटर पडलेलं असायचं. सरांच्याच नियमानं.

माणूस असा लगेच हार मानत नाही. सरांनी मनातल्या मनात डिटेक्टरला मंद म्हणून पाहिलं, बॅटरीला नावं ठेवून पाहिली. वीज नीट आल्यावर त्यांनी पुन्हा सगळं चालू केलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून शटर उघडं ठेवून गन बंद केली. रेघ तशीच रमतगमत खाली आली. मग त्यांनी बीम इतकी वर उचलली की कंगव्याला घासणं शक्यच नाही, आणि बराच वेळ बघत बसले. रेघ तळाला आडवी पडून होती. काहीच नव्हतं. असेलच, तर या डिटेक्टरला कळणार नाही इतकं थोडं असेल.

सर रडलेबिडले नाहीत. त्यांना आधी एकदम हलकं वाटलं आणि मग भयंकर थकवा आला. स्वतःच्या नावाचं त्यांना त्या घटकेला काही वाटलं नाही. म्हातारपणी नाव घेऊन काय चाटायचंय? पण थोरलीचा अख्खा प्रबंध त्या सिग्नलवर उभा होता. ही गोष्ट आज बाहेर आली तर सोमवारची परीक्षा गेली, परीक्षेबरोबर नोकरी गेली. नवरा तिकडे, लेक तिकडे, आणि ही इथे पुन्हा शून्यापासून, तेही यंत्र मोडलेलं, गुरू घरी बसलेला.

मग सरांच्या डोक्यात एक उपाय आला. त्यांना तो फार शहाणपणाचा वाटला. आपण गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारी तिची परीक्षा होऊ द्यायची, डिग्री हातात पडू द्यायची, तिला आपल्या माणसांत जाऊ द्यायचं. सहा-आठ महिन्यांनी आपण आपल्या नावानं लिहून टाकायचं, की माझं पूर्वीचं काम चुकलं होतं. शेण आपण खाल्लं, तोंड आपणच धुऊ. पोरीच्या अंगाला काही लागणार नाही. त्यांनी शटर पाडलं, मग गन बंद केली, आणि दिवा मालवून ते घरी गेले.

घरी बायको कपाटाचे खण पुसत होती. सर कोणापासूनही काही लपवू शकत, फक्त या बाईपासून नाही, कारण ती विचारत नसे. नुसती हातातलं काम चालू ठेवी आणि माणूस आपोआप बोलू लागे. सरांनी सगळं सांगितलं. काठी आणि कुंपण, शटर आणि धग, आणि शेवटी आपला उपाय. चूक काय झाली ते तिला पटकन कळलं. उपाय ऐकून मात्र तिनं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही पुढे जगाला सांगणार, की माझं चुकलं. मग तिची डिग्री कशावर उभी आहे ते लोकांना कळणार नाही?"

सर म्हणाले, कळेल, पण डिग्री कोणी काढून घेत नाही.

"डिग्री राहील हो. त्या डिग्रीकडे बघून लोक हसतील त्याचं काय? तिच्या गळ्यात धोंडा बांधताय आणि तिला सांगतसुद्धा नाही आहात, की बाई, हा धोंडा आहे, हार नाही."

सर चिडले. तुला यातलं काय कळतं, असं ते म्हणाले नाहीत, एवढी अक्कल शाबूत होती. पण पोरीच्या भल्यासाठीच करतोय ना, असं काहीसं म्हणाले. बायकोनं फडकं उचललं आणि खालचा खण पुसायला घेतला. तुम्ही आजवर तिच्या भल्यासाठी काय काय केलंत ते तीच सांगेल, एवढंच ती पुटपुटली आणि पुढे त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार सरांनी घरात येरझाऱ्या घालत काढला. जी झोप आयुष्यभर साठवून ठेवली होती ती ऐन वेळी फिरकली नाही. रविवारी सकाळी त्यांनी कपडे केले आणि थोरलीच्या घरी गेले. तिचा जिना उंच होता. वर पोचून दार वाजवलं तेव्हा त्यांना धाप लागली होती, आणि तिनं दार उघडून आधी त्यांच्या चेहऱ्याकडे आणि मग छातीकडे पाहिलं. गेली दोन वर्षं ती त्यांच्याकडे असंच बघे. सरांना वाटे, काळजी करते पोर.

घरात खोक्यांवर खोकी होती. खुर्ची आधीच रवाना झाली होती, म्हणून सर पुस्तकांच्या खोक्यावर बसले. कपही एकच बाहेर होता. त्यात तिनं सरांना चहा दिला आणि स्वतः पातेलीतूनच प्यायली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. परीक्षेची तयारी, असं समजून सर म्हणाले, झोपतेस का नीट? ती नुसती हसली.

मग सरांनी सांगितलं. शुक्रवारची दुपार, दिवे मिचमिचले, रेघ उतरत राहिली, सगळं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, कपातल्या चहाकडे बघत होते. आपला गप्प बसण्याचा उपायही सांगितला आणि म्हणाले, पण तुझ्यापासून लपवायचं मला जमलं नाही, आता तू म्हणशील तसं. बोलून झाल्यावर त्यांनी मान वर केली. पोरगी रडेल, कोसळेल, निदान खाली तरी बसेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. थोरली ओट्याला टेकून उभी होती तशीच उभी होती. पातेली तिनं जपून खाली ठेवली.

"मला माहीत आहे, सर," ती म्हणाली.

सरांना वाटलं, तिला बोलण्याचा अर्थ लागलेला नाही. ते पुन्हा समजावू लागले तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा, ती म्हणाली, खोलीत मी एकटीच असायचे. कोणी बघायला नव्हतं. एक दिवस शटर उघडं ठेवलं आणि गन बंद केली. नंतर आठवडाभर रोज तेच केलं. बीम उचलूनही बघितली. तुम्हाला शुक्रवारी जे दिसलं ते मला दोन वर्षांपूर्वी दिसलंय.

सरांनी कप खोक्याच्या कडेला ठेवला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

सांगणार होते, ती म्हणाली. त्याचीच वाट बघत होते. तुम्ही घरी आलात, मी भेटायला आले, तुम्ही नुसती हाडं राहिला होतात. मला बघून तुम्ही पहिला शब्द काय बोललात? सिग्नल आहे ना ठीक? मी म्हणाले, आहे. ते 'आहे' तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना. एक दिवस गेला, महिना गेला, प्रबंधाचं पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. प्रत्येक पानावर मला ठाऊक होतं. मी काही अडाणी म्हणून फसले नाही, सर. डोळे उघडे ठेवून लिहिलंय, आणि मला त्याची लाज वाटते.

आता सर खरंच रागावले. थकलेल्या माणसाचा राग फार टिकत नाही, पण होता तेवढा सगळा वर आला. माझ्यासाठी? माझ्या तब्येतीसाठी तू खोटं लिहिलंस? मी काय काचेचं भांडं आहे? इतकी वर्षं मी तुला काय शिकवलं? शंका आली की बोलायचं, समोर कोणीही असो. हे मी शिकवलं की नाही?

थोरलीनं या माणसाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आजही तिनं आवाज चढवला नाही.

"मी बोलले होते, सर. मी आले त्याच वर्षी."

"काय बोललीस?" सर म्हणाले.

"तुम्ही पाहुण्यांना यंत्र दाखवत होता. खोली भरलेली होती. तुम्ही म्हणालात, विचारा कोणाला काही शंका असेल तर. मी विचारलं, गन बंद केल्यावर सिग्नल कसा पडतो ते कोणी बघितलंय का? एकदा शटर उघडं ठेवून बघायचं का? तुम्ही म्हणालात, 'मेलेल्याची नाडी बघायची का बाई?' सगळे हसले. पाहुणेसुद्धा. पुढे किती दिवस खोलीतली मुलं येता-जाता माझं मनगट धरून म्हणायची, बघू गं, आहेस का अजून."

सरांनी आठवून पाहिलं. अगदी मनापासून आठवून पाहिलं. कोणते पाहुणे, कोणती दुपार, ही कुठे उभी होती, काही म्हणता काही हाताला लागेना. त्यांच्या लेखी तो दिवस झालाच नव्हता. पण वाक्य मात्र त्यांचंच होतं, शंभर टक्के त्यांचं. असली वाक्यं ते रोज टाकायचे, पोरं हसायची, आणि खोलीत कसं खेळीमेळीचं वातावरण आहे याचा त्यांना अभिमान वाटायचा.

"ती काळजी नव्हती, सर," थोरली म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मी गप्प बसले ती काळजी नव्हती. मी तेव्हा स्वतःलाही तसंच सांगितलं, की सरांना सोसवणार नाही. पण खरं म्हणजे मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं."

सरांना आपल्या धाप लागलेल्या छातीची लाज वाटत होती. शुक्रवारी कंगव्यानं दगा दिला, तेव्हा त्यांना एवढं लागलं नव्हतं. यंत्र काय, यंत्र आहे. निसर्गानं फसवलं असतं तर तेही चाललं असतं, तो कोणाला सोडत नाही. पण ज्या पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं तिचं बोट आपण चारचौघांत पिरगळलं आणि वर विसरून गेलो, हे सरांना सहन होईना. बायको काय पुटपुटली होती ते त्यांना आता कळलं.

त्यांनी माफी मागितली. त्यांना ती नीट मागता आली नाही, सवय नव्हती. चुकलं माझं, एवढंच दोनदा म्हणाले. थोरली म्हणाली, राहू द्या सर, आणि लगेच म्हणाली, नाही, राहू देऊ नका. तुम्ही बोललात ते बरं केलंत.

मग सरांनी विचारलं, आता काय करायचं? दोन्ही वाटा त्यांनी तिच्यासमोर ठेवल्या आणि या वेळी तरी तिला हवं ते ठरवू दिलं. उद्या गप्प राहायचं असेल तर मी गप्प राहीन, मरेपर्यंत राहीन, लेखही लिहिणार नाही. सांगायचं असेल तर परीक्षक बाईंना आत्ताच फोन लावतो, त्या पाहुणेघरात उतरल्यात. सांगितलं तर उद्याची परीक्षा होणार नाही. नोकरी तुझ्यासाठी थांबून राहील असं मला वाटत नाही. नव्यानं लिहायचं म्हणजे वर्ष जाईल, कदाचित दोन, आणि जे लिहायचं ते असं, की इथं सिग्नल नव्हताच.

थोरली बराच वेळ खोक्यांकडे बघत राहिली. प्रत्येक खोक्यावर तिच्या लेकीनं जाण्याआधी आत काय आहे ते वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. शेवटी तिनं नवऱ्याला फोन लावला. सर उठून बाहेर जाऊ लागले तर तिनं खुणेनंच बसवलं. नवऱ्याला तिनं थोडक्यात सांगितलं. मग ती म्हणाली, हो, मला कळतंय. मग म्हणाली, तिला तू सांग, मला नाही जमणार. मग तोंड भिंतीकडे करून काहीतरी हळू बोलली. सरांनी मुद्दाम ऐकलं नाही. फोन ठेवून ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

तो चिडलाय, ती म्हणाली. चिडणारच. पोरीला त्यानं सोमवारची तारीख देऊन ठेवलीय, ती रोज एक रेघ खोडते. पण शेवटी म्हणाला, तू दोन वर्षं रात्रीची उठून बसतेस ते मी बघतोय, एकदाचं काय ते कर.

"लावा फोन, सर," थोरली म्हणाली. "मला झोपायचंय."

सरांनी चष्मा लावून नंबर शोधला. परीक्षक बाई मोठ्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी मधे एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं. सरांनी उभं राहून सांगितलं, का कोण जाणे, बसून सांगावंसं वाटलं नाही. फोनचा आवाज मोठा होता आणि खोली रिकामी, त्यामुळे पलीकडचा शब्दन् शब्द थोरलीला ऐकू येत होता. बाई म्हणाल्या, म्हणजे उद्याची परीक्षा रद्द. सर म्हणाले, हो. बाई म्हणाल्या, तुमचा जुना लेखही मागे घ्यावा लागेल, तुम्हाला कल्पना आहे ना? सर म्हणाले, हो. मग बाईंनी विचारलं, हे पकडलं कोणी?

"माझ्या विद्यार्थिनीनं," सर म्हणाले.

"कधी?"

सरांनी थोरलीकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, या वेळी त्यांच्या छातीकडे नव्हे, तोंडाकडे बघत.

"आली त्याच वर्षी."

मग बाईंनी जो प्रश्न कोणीही विचारला असता तोच विचारला, की मग इतकी वर्षं तुम्ही लोक काय करत होता?

"तिनं सगळ्यांदेखत विचारलं होतं," सर म्हणाले. "मी ते हसण्यावारी नेलं."